तिसरा घोट

रोज सकाळी सहा वाजता केशवराव आपल्याच घरात परके होत.

धुरपताबाई जागी झाली की पलंगाच्या काठावर बसायची, पदर दोन्ही खांद्यांवर घट्ट ओढून घ्यायची आणि विचारायची, "तुमी कोन होय? माह्या खोलीत काहून आले?" आता सांगा, पंचेचाळीस वर्षांचा संसार आणि बायको असं विचारते. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. केशवराव मात्र मुकाट्यानं स्वयंपाकघरात जात. गंजात दूध चढवत, दोन चमचे कॉफी, दीड चमचा साखर टाकत आणि कपबशी तिच्या हातात देऊन समोरच्या स्टुलावर बसत. पहिला घोट ती संशयानं घ्यायची, दुसरा जरा चवीनं. तिसऱ्या घोटाला कपाळावरची आठी सुटायची आणि ती म्हणायची, "अजी, तुमी नाही घेतली?"

झालं. त्या एका 'अजी'वर केशवरावांचा दिवस निघायचा. मग ती त्यांच्या हातची गोळी घ्यायची, आंघोळीला जायची, जेवायची. चार वर्षांपासूनचं हे विसरणं. सकाळची वंदना अख्खी पाठ, एक शब्द चुकायचा नाही. नवरा तेवढा पाठ राहिला नव्हता.

साकोलीत सगळं गाव चहाचं. कॉफीचं खूळ केशवरावांनी नागपूरहून आणलेलं. पोस्टात लागले तेव्हा पहिली दोन वर्षं तिथं काढली, तिथं चटक लागली. लग्न झाल्यावर दिघोरीच्या या पोरीला त्यांनी स्वतः चुलीपाशी बसून कॉफी करायला शिकवली. पुढं तिचा हात असा बसला, की त्यांना स्वतःच्या हातची आवडेना.

दिवाळी झाली आणि धुरपताची छाती धडधडायला लागली. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं ईसीजी काढला, कागद दोनदा पाहिला आणि म्हणाला, "कॉफी बंद. एक घोटसुद्धा नाही. ठोके आधीच वेडेवाकडे पडताहेत. काहीतरी नैसर्गिक देत जा."

"साहेब, पण कॉफी पेल्याशिवाय ती मले ओळखत नाही."

"काका, ओळखायला आधी ती राहिली पाहिजे ना," डॉक्टर म्हणाला. वाईट नव्हता तो माणूस, खरं तेच बोलला. पण खरं बोलणाऱ्याचा राग येतोच. केशवरावांना परतीच्या बसमध्ये साकोलीपर्यंत त्याचा राग आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉफीचा डबा तांदळाच्या कोठीत खोल दडवला आणि आलं-गुळाचा काढा केला. धुरपतानं एक घोट घेऊन बशीत थुंकला. "कायचा काढा पाजून राहिले? मले माराचं हाये का?" तिसऱ्या दिवशी गहू आणि चणे भाजून त्याची पूड उकळली. तेही नाही. पोरगी प्रतिक्षा पुण्याला. तिनं इंटरनेटवर शोधून पार्सल धाडलं: चिकोरी, शेवग्याच्या पानांची पूड, आणखी कसलीतरी मुळी. रोज एक. प्रतिक्षा रोज फोनवर विचारायची, "पप्पा, आज काही फरक?" काय सांगावं? चिकोरीच्या वेळी धुरपता दोन घोट प्याली, तेव्हा केशवरावांचा जीव डोळ्यांत आला. तिसरा घोट तिनं घेतलाच नाही. कप खाली ठेवून म्हणाली, "मले माह्या घरी पोचवून द्या."

आता 'अजी' नाही म्हणजे काहीच नाही. परक्या माणसाच्या हातची गोळी ती कशाला घेते? परक्या माणसासमोर जेवते कशाला? लुगड्यांचं गठुडं बांधून दिवसभर ओट्यावर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिघोरीची बस विचारायची. नवव्या दिवशी तिनं खोलीची कडी आतून लावून घेतली. केशवराव दाराबाहेर उभे राहून म्हणत होते, "धुरपते, मी होय, मी," आणि आतून ती ओरडत होती, "कोनी हाये का? घरात मानूस घुसला." शेजारचे भैय्यालाल धावत आले. भर सकाळी माणसानं शेजाऱ्याला सांगायचं, की तो घुसलेला माणूस मीच. केशवरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अकराव्या दिवशी त्यांचा धीर सुटला. सरळ सांगायचं तर त्यांनी पाप केलं. कोठीत कोपरापर्यंत हात घातला, डबा काढला आणि अर्धा चमचा टाकला. अर्धाच, असं स्वतःला बजावलं. मग हात थरथरला की थरथरवला कोण जाणे, पूर्ण चमचा पडला.

तिसऱ्या घोटाला ती म्हणाली, "अजी, तुमी नाही घेतली?" आणि मग त्यांच्याकडे नीट पाहून, "किती बारीक झाले तुमी. जेवत नाही का?"

केशवराव तिच्या पायाशी बसून लहान पोरासारखे रडले. ती त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होती. तिनं प्रतिक्षाचं नाव घेतलं, दारच्या पेरूला फळं धरली का विचारलं. साडेनऊपर्यंत सगळं घर जागेवर होतं. साडेनऊला तिच्या कपाळावर घाम आला, ओठ राखेसारखे झाले आणि ती छातीवर हात धरून आडवी झाली. भैय्यालालनं गाडी काढली.

दवाखान्यात चार दिवस. "काय दिलं होतं?" डॉक्टरनं विचारलं. केशवरावांनी सांगून टाकलं. डॉक्टर रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, "पुढच्या वेळी मी काही करू शकणार नाही." घरी आल्या आल्या केशवरावांनी डबा मोरीत पालथा केला आणि बालदीभर पाणी ओतलं. वास मात्र दुपारपर्यंत गेला नाही.

पोळ्या करायला येणारी उर्वशी ते पाहत होती. म्हणाली, "काका, तरोट्याच्या बिया भाजून पाहा ना. आमची आजी पेत होती, चहापत्ती परवडे नाही तवा. वास असा येते का कॉफीच समजा."

तरोटा. रस्त्याच्या कडेला, बांधावर, जिथं पाहावं तिथं माजतो तो टाकळा. पावसाळ्यात त्याची भाजी खाल्लेली, शेंगा वाळल्यावर बाया बिया झोडून व्यापाऱ्याला विकतात तेही पाहिलेलं. आणि हा शहाणा माणूस पुण्याच्या पार्सलची वाट पाहत बसला होता. केशवरावांनी डॉक्टरला फोन करून विचारलं. डॉक्टर म्हणाला, चालेल, थोडी द्या. संध्याकाळी उर्वशीनं ओंजळभर बिया आणून दिल्या.

सकाळी सहाला केशवरावांनी लोखंडी कढई चढवली. बिया आधी नुसत्या फिरल्या, मग चटचट उडायला लागल्या, आणि धूर निघाला तसा वास सुटला. करपट, कडसर, अगदी कॉफीच्या सख्ख्या बहिणीसारखा. तेवढ्यात मागून पावलं वाजली. इतक्या दिवसांत धुरपता पहिल्यांदाच आपण होऊन चुलीपाशी आली होती.

तिनं त्यांच्या हातातला बिया परतायचा सराटा ओढून घेतला. "बाजूले व्हा. जाळून टाकान तुमी."

तोच आवाज. पंचेचाळीस वर्षं ऐकलेली तीच बोलणी. केशवराव बाजूला झाले, भिंतीला टेकले. तिचा हात सराट्यासकट गोल फिरत होता, मध्येच कढई झटकून ती बिया उलटवत होती. हे तिला कुणी शिकवलं? त्यांनी तर नाही. त्यांच्या घरात तरोटा कधी भाजलाच नव्हता. पण आता ती बोलेल, आता म्हणेल, म्हणून ते तिच्या तोंडाकडे पाहत उभे होते.

बिया काळ्या झाल्या तशी तिनं कढई उतरवली आणि वळून पाहिलं. डोळ्यांत भीती नव्हती, परकेपणा नव्हता. एवढ्या मायेनं तिनं कित्येक महिन्यांत त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "माय रोवन्याले गेली का?"

माय जाऊन तीस वर्षं झालेली. धानाच्या रोवणीचे दिवस जाऊन पीकही घरात आलेलं. सांगावं का, की मी बाबा नाही? सांगितलं तर पुन्हा गठुडं, पुन्हा कडी, पुन्हा गोळीवाचून दिवस. केशवराव म्हणाले, "हो बाई. गेली."

बिया पाट्यावर तिनंच वाटल्या. दोघं चुलीपाशी बसून प्याले. पहिला घोट, दुसरा, तिसरा. केशवराव तरीही मोजत होते. तिसऱ्याला ती काही बोलली नाही. त्यांनी गोळी पुढं केली, तर शहाण्या पोरीसारखा हात पसरून तिनं ती घेतली आणि गिळली.

मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत, खाली पाहत तिनं विचारलं, "बाबा, तो पोष्टातला पोरगा पाहाले आलता ना. त्याचा काही निरोप आला का?"

केशवरावांनी आपला कप खाली ठेवला.

"आला."

"काय म्हनते?"

"हो म्हनते."

ती पदराआड हसली. सदुसष्ट वर्षांची ती बाई अशी लाजली, की त्यांनी मान वळवली. थोड्या वेळानं तिचं हसू मावळलं. "पर बाबा, तो कॉफी पेते म्हने. मले तं येत नाही कराले. त्याले आपली हे तरोट्याची नाही आवडली तं?"

"आवडन," केशवराव म्हणाले. त्यांनी तिच्या हातातला रिकामा कप काढून घेतला. "आन् कॉफी शिकवीन तो तुले. तू फिकीर करू नोको बाई, मी सांगून ठेवतो त्याले."