ठिपक्यांची रेघ

माझा बाप नत्थूजी धंतोलीतल्या त्या बंगल्यावर अकरा उन्हाळे पंखा ओढत होता, ही गोष्ट मी ऑफिसात कुणालाही सांगितली नव्हती आणि सांगायचा विचारही नव्हता. माग बंद पडले की कोष्ट्याने करायचं काय? मागाच्या पावड्या दाबून सरावलेला पाय होता, तोच दोरीला बांधायचा. मागच्या व्हरांड्यात भिंतीला पाठ टेकून बाप बसे, उजव्या अंगठ्याला दोरी, दोरी भिंतीतल्या भोकातून आत, आणि आत दिवाणखान्यात झालरीचा लांबलचक पंखा मालकांवर झुलत राही. घरी यायचा तेव्हा अंगठ्याभोवती जांभळा वळ असे. त्या वळाची मला लाज वाटायची, आणि लाज वाटते याचा रागही यायचा. आपला पाय जन्मभर टेबलाखालीच ठेवायचा, हे मी आठव्या वर्षी ठरवून टाकलं होतं.

१९५५ च्या मे महिन्यात सरकारने जपण्याजोग्या जुन्या घरांची यादी करायला घेतली आणि नेमका तोच बंगला मोजायला माझ्या वाट्याला आला. मी टेंपररी ड्राफ्ट्समन. हा नकाशा साहेबांना पसंत पडला तर कायम होणार होतो, नाही पडला तर नोकरी गेली. नकाशाचा नियम सोपा असतो. जे जागेवर आहे ते काळ्या सलग रेघेने काढायचं; जे होतं आणि आता नाही, ते ठिपक्यांनी.

मालकीण सत्यवतीबाई साठीच्या, एकट्याच राहणाऱ्या. त्यांनी मला खुर्ची दिली, पन्हं दिलं, मला ‘देवरावजी’ म्हणाल्या. बापाचं नाव विचारलं नाही, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

घर देखणं होतं, हे मला मान्य करावंच लागलं. पुढे कमानींचा व्हरांडा, दीड हात जाडीच्या भिंती, अठरा फुटांवर छत आणि तापलेली हवा निघून जावी म्हणून छताखाली ओळीने झरोके. १९१२ साली ज्याने हे बांधलं त्याला नागपूरचं ऊन पुरतं ठाऊक असणार. वीज आल्यावर जुना पंखा उतरवला होता. छतात त्याच्या दोन कड्या तेवढ्या उरल्या होत्या आणि दोरीचं भोक चुन्याने बुजवलेलं होतं. मी अंगठ्याने दाबून पाहिलं. चुना दगडासारखा घट्ट होता.

तिसऱ्या दिवशी शाई भरताना माझ्या हातून चूक झाली. तो पंखा मी ठिपक्यांऐवजी सलग रेघेने काढला. लहानपणी डोळ्यांनी पाहिलेला, म्हणून हात तसा वळला असेल. ऑफिसात गेल्यावर लक्षात आलं. पण ट्रेसिंगचं कापड ब्लेडने खरवडलेलं साहेबांना मुळीच खपत नसे. छताकडे मान वर करून कोण बघतंय, असं म्हणून मी ते तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी भोकातला चुना गळून खाली पडला होता. जुना चुना, पडायचाच, मी स्वतःला सांगितलं.

सत्यवतीबाई खुशीत होत्या. ‘काल दुपारी मले मस्त झोप लागली, देवरावजी. वारा येऊन राहिला होता.’

मी विजेच्या पंख्याकडे पाहिलं. तो होळीपासून बंद आहे, असं त्या म्हणाल्या.

त्याच्या पुढच्या दिवशी भोकाच्या खालच्या काठावर एक खाच दिसली. बोटभर खोल, आतून गुळगुळीत, तेल लावल्यासारखी. दोरी मात्र कुठेच नव्हती. मला भीती वाटली. साहेब गेले उडत, म्हणून मी ब्लेड काढलं आणि ती रेघ खरवडायला घेतली. कापड विरत गेलं, मागचं टेबल दिसू लागलं. रेघ होती तशीच राहिली.

तेव्हा नवीनच नकाशा काढायचा ठरवला. दिवाणखान्यात बाई वामकुक्षीला पडल्या होत्या, म्हणून फळी घेऊन मागच्या व्हरांड्यात गेलो. दुपारचे दोन. वहाणा काढल्या, भिंतीला पाठ टेकली, पाय पसरले आणि पंख्यापासूनच सुरुवात केली, एकेक ठिपका मोजून. दहा-बारा ठिपके झाले असतील. रेघ सारखी हलत का होती हे मला कळेना, मग कळलं की फळीच हलत होती, आणि फळी हलत होती कारण माझा उजवा पाय मागेपुढे होत होता.

अंगठ्याभोवती जांभळा वळ होता.

मी दोन्ही हातांनी पाऊल घट्ट धरलं. आत काहीतरी करकरत थांबलं. मग पलंग वाजला आणि सत्यवतीबाईंचा झोपाळू आवाज आला.

‘काहून थांबला गा, नत्थू?’

मी देवराव आहे, नकाशावाला, हे सांगायला मी तोंड उघडलं.

‘ओढून राहिलो जी,’ मी म्हणालो.