शकुनचं आमेन

आमच्या ह्यांची प्रार्थना म्हणजे मालगाडी. आधी आभार, मग पापांची कबुली, मग नगरच्या मंडळीतले आजारी, मग राज्यकर्ते, आणि हे सगळे डबे पुढे गेले की घरचे. देवाला ऐकायला वेळ आहे, मान्य. पण घरून निघताना प्रार्थना राहिली म्हणून सियालदह स्टेशनच्या फलाटावर, ऐन गर्दीत डोळे मिटून उभं राहायचं, हे मला तेव्हाच पटलं नव्हतं. पण ह्यांच्यापुढे, मनोहररावांपुढे, बोलायची सोय नाही. प्रार्थना केल्याशिवाय त्यांच्या आजोबांनी कधी बैलगाडीत पाय ठेवला नव्हता, मग हे आगगाडीत कसे ठेवणार?

ह्यांच्या नोकरीपायी तेव्हा आम्ही बंगालात होतो, आणि निघालो होतो जवळच्याच बराकपूरला. तिथं कोणी उपदेशक आले होते, डोक्यावर हात ठेवून दुखणी बरी करतात म्हणे. आमची शकुन सहा वर्षांची. जन्मापासून तिला ऐकू येत नाही, त्यामुळे बोलणंही नाही. तिचे कान उघडावेत म्हणून ह्यांनी उपास धरला होता. मला माझी लेक आहे तशी चालते, पण बापाची आशा मोडायला माझा जीव धजेना.

शकुनला प्रार्थना शिकवली ती अशी: डोळे मिटायचे, हात जोडायचे, आणि संपलं की मी तिच्या खांद्यावर दोनदा थोपटायचं. तेच तिचं आमेन. मध्येच डोळे उघडले तर बाप रागवायचा. देव काय पळून जाणार होता? पण पोर गुणी, थोपटल्याशिवाय पापणी हलवायची नाही.

ह्यांनी सुरुवात केली. आम्ही आजाऱ्यांपर्यंत आलो असू नसू, तेवढ्यात गाडी लागली आणि उतरणाऱ्यांचा लोंढा अंगावर आला. मला कुणीतरी ढकललं, हातातला फराळाचा डबा खाली पडला. डोळे उघडले तर शेजारी शकुन नाही.

"शकुन!" मी ओरडले. ओरडून काय उपयोग, हे मला माहीत असून ओरडले. दुसऱ्या आईचं मूल हरवलं तर तिच्याजवळ निदान हाक असते. माझ्याजवळ तीही नव्हती.

फाळणीनंतर त्या स्टेशनात माणसांनी संसार मांडले होते. फलाटावरच चुली, फलाटावरच अंथरुणं. मी एकेक पोर वळवून बघत सुटले. निळा फ्रॉक दिसला की धावायचे, तोंड दुसरंच निघायचं. हे स्टेशनच्या दरवाजाकडे पळाले, मी फलाटाच्या कडेने. एक इंजिन शिट्टी देत मागे येत होतं. सगळी माणसं त्या शिट्टीने बाजूला होत होती, आणि माझ्या मनात एकच, की तिला ही शिट्टी ऐकू येणार नाही. मला रुळांवर बघायचं होतं आणि बघवत नव्हतं. शेवटी बघितलं. रूळ रिकामे होते. मला तिथंच भडभडून आलं.

एक शिपाई दिसला. त्याला माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. नाव विचारलं तर सांगेल का, तो म्हणाला. नाही. हाक मारली तर वळेल? नाही. "मग माताजी, शोधायची कशी?" त्याने विचारलं. बिचारा चांगल्या मनानेच विचारत होता.

प्रभू, माझे कान घे, मी म्हणाले. डोळे घे, काय हवं ते घे. आणि मग त्याच्यावरच संतापले. तुझ्याशी बोलत होतो ना आम्ही? तुझ्याशी बोलतानाच नेलीस?

फिरून फिरून मी पुन्हा पडलेल्या डब्यापाशी आले. हेही आले, एकटेच. चेहरा पांढराफटक. मी मटकन खाली बसले, आणि बसले म्हणूनच दिसलं. खांबाच्या आडोशाला गाठोडी रचलेली, त्यांच्यापुढे एक बाई हात पसरून, येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून बसलेली. तिच्या पाठीमागे निळा फ्रॉक. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं.

हात जोडलेले, डोळे गच्च मिटलेले. लोंढ्याने ढकललं तेव्हा बाईने तिला ओढून आत घेतलं होतं, आणि शकुनला वाटलं, आईनेच बाजूला केलं.

"तुझी का ग?" बाई बंगालीत म्हणाली. "ठाकुराला हाक मारत होती. म्हणून कुणाला हात लावू दिला नाही." ठाकूर म्हणजे त्यांचा देव.

मी थोपटलं. दोनदाच्या जागी किती वेळा थोपटलं कोण जाणे. शकुनने डोळे उघडले, बापाकडे बघितलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या. किती लांबवता हो, असा तिचा चेहरा.

ह्यांनी गुडघे टेकले. "आभार मानू," म्हणाले, आणि डोळे मिटायला लागले. मी त्यांचं मनगट धरलं.

"उघडे ठेवून माना."

"प्रेमा, अगं..."

"तिच्याकडे बघत माना. नाहीतर राहू द्या."

मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. "हे स्वर्गीय पित्या," म्हणाले. पुढचं इतकं हळू म्हणाले की शेजारी बसून मलाच जेमतेम ऐकू आलं. शकुन टक लावून बघत होती. प्रार्थना चालू असताना बापाचं तोंड हलतं, हे तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. बाप आपल्याशीच बोलतोय असं तिला वाटलं. ते काय म्हणत होते तिला कळणं शक्य नव्हतं, तरी ती प्रत्येक शब्दाला मान हलवून हो म्हणत होती, आणि तिला तसं बघून हे ओक्साबोक्शी रडत होते. कानांचं त्यांनी काहीच मागितलं नाही.

बराकपूरची गाडी सुटली. आमच्यापैकी कुणी उठलं नाही.