भेटीची वेळ चार ते पाच

आरतीने गाडीचं दार उघडून धरलं, तरी आसाराम हॉस्पिटलच्या पायरीवरून उठला नाही.

"मी न्हाई येत. पोरगं वर पडलंय आन् मी काय शिमला बगत हिंडू?"

"काका, वर बसू देत नाहीत. भेटायची वेळ चार ते पाच. तोवर या गारठ्यात बसून काय करणार?"

अकरा दिवसांपूर्वी विद्यापीठाच्या उतारावर कल्याणचा पाय घसरला, तेव्हापासून त्याने डोळे उघडले नव्हते. आईवडील तिसगावहून येऊन परवा पोचले. आरती श्रीरामपूरची, कल्याणच्याच विभागात संशोधन करणारी. इथे दोघांना मराठीत बोलायला तेवढंच एक माणूस.

"त्यानं यादीच करून ठेवलीय," ती हळूच म्हणाली. "तीन वर्षं म्हणतोय, आई-अण्णा आले की आधी हे दाखवायचं, मग ते. आम्ही चिडवायचो, आधी त्यांना आण तर खरं!"

तीन वर्षं. कधी कांदा काढायला आलेला असायचा, कधी गाय व्यायची असायची, कधी बायकोचं, भागिरथीचं, व्रत मोडत असे. आसाराम गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

मागच्या सीटवर भागिरथीने पदर डोक्यावरून घेतला, हात मांडीवर जोडले आणि डोळे मिटले. इथे आल्यापासून तिने नेमच धरला होता: एकवेळ जेवायचं आणि सकाळपासून चार वाजेपर्यंत नामात खंड पडू द्यायचा नाही. दुसरं काही तिच्या हातात नव्हतंच. डॉक्टरांचं बोलणं तिला कळत नव्हतं, कागदांवर आरती सांगेल तिथे आसाराम सही करत होता.

गाडी वळणं घेत राहिली. आरती सांगत होती, हे जुनं चर्च, ही विद्यापीठाची इमारत, हे देवदार. आसाराम नुसता हुंकार देत होता.

"झाडी काय, आमच्या वृद्धेश्वराच्या डोंगरालाबी हाय," तो एकदा म्हणाला.

आरती हसली आणि मग तिचा आवाज बारीक झाला. "कल्याण म्हणाला होता, अण्णा इथं आले की वृद्धेश्वर काढतीलच."

गाव मागे पडलं. पुढे कुठेतरी गाडी थांबली. दारं वाजली, थंड वारा आत आला. कुणीतरी काही विचारत होतं आणि आसाराम मोडक्या हिंदीत उत्तर देत होता. भागिरथीने मिटलेले डोळे आणखी घट्ट केले. लक्ष ढळू द्यायचं नव्हतं.

चार वाजता दोघं आत गेली. यंत्रावरचे आकडे कालच्यासारखेच होते. नर्स कालच्यासारखंच म्हणाली, "बातें करते रहिए. क्या पता, सुन रहा हो."

दोन दिवस भागिरथी लेकाच्या कानाशी देवाचं नाव घेत होती आणि आसाराम पायथ्याशी टोपी हातात धरून मुका उभा राहत होता. आज मात्र तोच आधी उशाशी गेला. घसा खाकरला.

"कल्या, आरं तुज्या यादीतलं ते गाव बगितलं. वावरं कसली रं ती, जिन्यावानी! बैल वळायला जागा न्हाई. पन बांध? दगडावर नुसता दगड बसवलाय, मदी माती न्हाई की काय न्हाई. सफरचंदाला फुलं आलीत. पांढरीफेक, कडंला जरा गुलाबी. आन् बागंत मधमाश्यांच्या पेट्या. भाड्यानं आनत्यात म्हनं! येड्या, माशीला भाडं देनारी मानसं मी जल्मात पयल्यांदा बगितली."

टोपीची घडी घालून त्याने ती पुन्हा उलगडली.

"एका म्हातारीनं च्या दिला. कुनाकडं आलाव इचारलं. मी म्हनलं, पोरगं शिकतं आमचं हितं."

एवढं बोलून तो बाजूला सरकला. भागिरथी वाकली. नाव ओठांवर आलं, पण तिने ते आतच धरलं. दिवसभरातलं एखादं फूल, एखादा दगड आठवतो का, म्हणून ती शोधत राहिली. हाती लागला नुसता अंधार आणि गाडीचे हेलकावे.

"व्हय रे बाळा," ती म्हणाली. "लई फुलं हुती. मीबी बगितली."

आसारामने तिच्याकडे पाहिलं.

पाच वाजता त्यांना बाहेर काढलं. आरती जिन्याशी उभी होती.

"काकू, उद्या खोलीवरच आराम करायचा का? फार दमलात."

"न्हाई गं," भागिरथी म्हणाली. "सकाळी लवकर निगू. आन् उद्या मला फुडं बसव."