सुरभीच्या मोबाइलातलं घर

बसा, घाई नसंल तर. मी एक घर आहे. पण मला शोधायला गावात फिरू नका, सापडणार नाही. मी सुरभीच्या मोबाइलात राहतो. खेळातलं घर म्हणा. मला शाळा नाही, दोन अक्षरं लिहिता येत नाहीत. ज्यांचा अंगठा माझ्यावरून फिरला त्यांचंच बोलणं ऐकत शिकलो, म्हणून जरा सावकाश बोलतो. सांभाळून घ्या.

सुरभी म्हणजे घाटंजीजवळच्या एका गावातल्या किसनराव आणि इंदुताईंची सून. माहेर दिग्रसचं. नवरा अंकुर घरचं वावर, म्हणजे शेत, पाहतो. दुपारी भांडी झाली, सासूबाई लवंडल्या, की सुरभी ओसरीत भिंतीला टेकून मोबाइल उघडायची. खेळ साधाच. सगळं जग ठोकळ्यांचं. झाड चौकोनी, ढग चौकोनी, गायसुद्धा चौकोनी. माती खणायची, लाकूड तोडायचं आणि आपल्या हातानं घर उभं करायचं. फक्त एक अडचण आहे. तिथला दिवस उजाडला म्हणेपर्यंत मावळतो, आणि सांज झाली की भुतं निघतात. राखाडी अंगाची, हात लोंबकळत चालणारी. दार उघडं दिसलं की सरळ आत.

मी जन्मलो तो घर म्हणून नाही, बीळ म्हणून. पहिल्याच दिवशी सुरभीला सांज झाली, जवळ लाकडाची काडी नव्हती. घाबरून तिनं टेकडीच्या पोटात खड्डा खणला, आत शिरली आणि तोंडाला माती लावून घेतली. ना दार, ना खिडकी, ना दिवा. उंदीरसुद्धा बाहेर पडायला दुसरी वाट ठेवतो. चारी बाजूंनी ओली माती आणि बाहेर गुरगुर. असं घर वैऱ्याला मिळू नये. पण तिचा जीव वाचला, एवढं माझ्या नावावर लिहा.

मग हळूहळू तिनं मला वाढवलं. दार बसवलं, लाकडी फळ्यांची जमीन केली, खिडकीला काच लावली, बाहेर गाय बांधली. मी सुखात होतो.

शेजारी इतर घरंही होती. दलदलीत एक दगडी बुरूज आहे, खेळानंच आयता दिलेला. आत पेट्या भरलेल्या, पण पावलापावलावर जाळी आणि सापळे. एकदा गेलेला माणूस पुन्हा जात नाही. सुरभीचा भाऊ रजत दिग्रसहून याच जगात खेळायला येतो, त्यानं डोंगरावर महाल बांधलाय. सोन्याचे खांब. खोल्या इतक्या, की त्याच्या त्यालाच सापडत नाहीत. झोपायला मात्र तो माझ्याकडं येतो.

"ताई, आजची रात तुह्या घरी काढतो," तो म्हणायचा. "माह्या महालात मले भेव लागते."

"मंग बांधला कायले एवढा?"

"लोकाईले दाखवाले."

माणसांचं हे मला कधी नीट कळलं नाही. दाखवायचं घर वेगळं आणि झोपायचं घर वेगळं. असो.

तर एक दिवस किसनरावांच्या घरी खरं घर बांधायचं ठरलं. जुनं कवेलूचं, म्हणजे कौलांचं. पुढं ओसरी, मग खोली, मागं चूल, दारं सगळी एका रेघेत, एवढंच होतं. त्याच अंगणातल्या मोकळ्या जागेत स्लॅबचं घर उभं राहणार होतं. अंकुरनं यवतमाळहून नकाशा काढून आणला. किसनरावांनी मान हलवली. इंदुताईंनी कागद दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला, घडी घातली आणि परत दिला. संध्याकाळी जेवण वाढता वाढता म्हणाल्या, "तुमी राहा नव्या घरात. मी वावरातल्या खोपडीत राहीन."

सगळ्यांचे हात ताटातच थांबले.

"काहून?" अंकुरनं विचारलं.

"मले तिथं करमणार नाई."

"अवं पण घर झालंच नाई अजून. न झालेल्या घरात तुले कसं काय करमत नाई?"

त्यावर त्यांनी त्याच्या ताटात भाजी वाढली. अंकुरला वाटलं, नव्या घरात आपली सोय होणार नाही असा आईला धाक असेल. त्यानं मोठं देवघर कबूल केलं, गॅसचा काळा ओटा कबूल केला. इंदुताई प्रत्येक गोष्टीला म्हणायच्या, "चांगलं हाय, बांधा." रुसल्या नव्हत्या, रागावल्या नव्हत्या. पण एका सकाळी बैलबंडीत खाट टाकून त्या वावरातल्या त्या झोपडीत ठेवून आल्या, वर दोन पातेली आणि एक कंदील. मग मात्र सगळ्यांना पटलं. बाई खरंच निघाली होती. घाटंजीचा बाजार झाला की धम्मरत्न मिस्त्री चुना टाकून पायाच्या रेघा आखणार होता. रेघ पडली, पाया खणला, की मग कोण बदलतंय.

किसनराव मुळात कमी बोलणारे. त्या दुपारी ते सुरभीजवळ येऊन बसले.

"सुरभी, तुह्या थ्या खेळात घर बांधता येते म्हनतेस ना? हेच नकाशातलं बांधून दाखव. तिले रेघा उमजत नसतीन. मलेबी नाई उमजल्या, मी आपली मान हलवली."

झालं. सुरभीनं मला पाडलं. तुम्ही हळहळू नका, आम्हा खेळातल्या घरांना दुखत नाही. नकाशा मांडीवर ठेवून तिनं मला पुन्हा उभं केलं. पुढं बैठक, बाजूला झोपायची खोली, मधून बोळ, आणि अगदी मागं सैपाकघर. बाहेर कुंपण आणि फाटक. मी नवा झालो. खरं सांगतो, मला माझंच थोडं अनोळखी वाटलं.

मग ओसरीत तिघं माझ्याभोवती बसली. मोबाइल किसनरावांच्या हातात, इंदुताई चष्मा लावून शेजारी.

"बाबा, हा अंगठा फिरवला का चालते. हा फिरवला का मान वळते."

किसनराव चालले आणि भिंतीवर आदळले. वळले आणि दुसऱ्या भिंतीवर आदळले.

"भिंत हाय थे," इंदुताई म्हणाल्या.

"दिसून राह्यली मले."

"मंग काहून आदळून राह्यले?"

"गोऱ्हा पहिल्या दिवशी जुंपला का असाच चालते, अंकुरच्या माय. थांब जरा."

"तुमी पोचाल तोवर खरं घर बांधून होईन. आना इकडं."

इंदुताईंनी मोबाइल घेतला. त्यांचाही अंगठा अडखळला, पण त्या बैठकीत थांबल्या नाहीत, झोपायची खोली पाहिली नाही, बोळातून सरळ सैपाकघरात गेल्या आणि शेगडीसमोर उभ्या राहिल्या. बाईमाणूस कोणाच्याही घरी गेलं तरी पाय तिकडंच वळतात, हे मी पाहिलेलं आहे. नेमकं तेवढ्यात माझ्या जगातलं आभाळ तांबडं झालं. तुमच्याकडं टळटळीत दुपार होती, माझ्याकडं सांज.

"आई, पहिले दार लावा," सुरभी म्हणाली. "भुतं येतीन आता."

"तिन्हीसांजेले दार लावतेत का कोनी? लक्ष्मीच्या येन्याची वेळ थे. दिवा लाव अन् दार उघडं ठेव."

"आई, या खेळात लक्ष्मी नाई येत."

"दारच लावून बसलं तं येईन कुठून?"

किसनराव मिशीत हसले. सुरभीनं सासूपुढं वाद घातला नाही. तिनं उंबऱ्याशी मशाल लावून दिली आणि दार तसंच राहू दिलं. मी हादरलो. जन्मल्यापासून सांजेला मी कधी उघडा राहिलो नव्हतो. पण उंबऱ्यात उजेड पडला, बाहेरचा वारा आतून फिरला, आणि भीती वाटत असतानाही बरं वाटलं. भल्या घरांना हे रोज मिळत असेल, असं मनात आलं.

भूत यायचं ते आलंच. फाटकातून आत आलं, अंगण ओलांडलं, बैठकीतून बोळात शिरलं. सावकाश, पाव्हण्यासारखं. मला सगळं दिसत होतं, पण सांगायला तोंड नाही. इंदुताई भिंतीकडं तोंड करून शेगडीपाशी उभ्या. ते त्यांच्या पाठीशी येऊन थांबलं आणि झडप घातली. सगळा मोबाइल लाल झाला. इंदुताईंनी तो किसनरावांच्या मांडीत फेकला.

किसनराव एवढे हसले की ठसका लागला. "लक्ष्मी आली वाटते," म्हणाले.

सुरभीलाही हसू आवरेना. पण इंदुताई हसत नव्हत्या. त्या मोबाइलकडं पाहत बसल्या होत्या.

"पाहा," त्या हळूच म्हणाल्या. "घरात शिरलं, माह्या पाठीशी उभं राह्यलं, अन् मले पत्ता नाई."

"खेळ हाय थो," किसनराव म्हणाले.

"खेळाचं नाई म्हनत मी. आपल्या चुलीपाशी बसलं का फाटक दिसते. लालीबाई भाजी घेऊन आली का मले दिसते, पोस्टमन आला का दिसते. तुमी वावरातून येता, थेबी पहिले मलेच दिसते. बसल्या जागी म्हनते, या बाप्पा, चहा घ्या. थ्या घरात लोक येतीन, जातीन, अन् मी भिंतीकडं तोंड करून भाकरी थापत राहीन. थ्यापरीस खोपडी बरी. चारी आंगानं दिसते तरी."

किसनरावांनी मोबाइल मांडीवरून खाली ठेवला. मग सुरभीनं विचारलं, "आई, एवढंच सांगाचं होतं का तुमाले?"

"मले तरी कुठं मालूम होतं? नुसतं जिवाले बरं वाटत नव्हतं. आत्ता समजलं."

सुरभीनं मोबाइल उचलला. माझ्या जगात पुन्हा उजाडलं होतं. तिनं सैपाकघराची पुढची भिंत फोडायला घेतली.

"इथून दिसते का, आई?"

"अजून काढ."

"आता?"

"अर्धंच फाटक दिसते. अर्धा मानूस येत असते का? सरकव अजून."

झोपायची खोली मागं गेली, शेगडी पुढं आली, दार तिच्या सरळ रेघेत आलं. शेवटी सुरभीनं गाय नेऊन फाटकात उभी केली.

"दिसते," इंदुताई म्हणाल्या. "शेपूटबी दिसते. आता ठीक हाय."

अंकुर घरी आला, त्यानं मला पाहिलं आणि डोक्याला हात लावला. नकाशा होऊन गेलेला, मिस्त्री सकाळी येणार.

"आई, शहरात याले ओपन किचन म्हनतेत. मीच म्हननार होतो, पन वाटलं तू म्हनशील, चारचौघाईत सैपाक कसा करू."

"चारचौघं दिसले पायजेत म्हनूनच तं सैपाक करते मी."

सकाळी धम्मरत्न मिस्त्री चुन्याची घमेली घेऊन आला. अंकुरनं त्याच्यापुढं मला धरलं. तो माझ्यात फिरला, मान तिरपी करून विचारात पडला.

"जमते, काकू. पन झोपाची खोली पार मांगं जाते, उजेड कमी पडंन."

"जाऊ दे मांगं. झोपल्यावर कोनाले पाहाचं हाय?"

मिस्त्री हसला. म्हणाला, "रेघ पडाच्या आधी एकदा बसून पाहा, काकू. मंग मले बोल नका लावू."

जिथं शेगडी यायची तिथं इंदुताई उघड्या मातीवर पदर खोचून बसल्या. किसनराव जाऊन फाटकात उभे राहिले. मी सुरभीच्या हातात होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. मधे ना भिंत, ना छत, नुसतं आभाळ.

"दिसतो का व?" किसनरावांनी तिकडून विचारलं.

"दिसता. दाढी वाढली तुमची."

मिस्त्रीनं चुना टाकायला सुरुवात केली. त्याच दिवशी अंकुर वावरात बंडी घेऊन गेला आणि खाट परत आणली.

आता खरं घर उभं आहे. वास्तूच्या दिवशी वांग्याची भाजी आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे होते, अंगणात पंगती बसल्या. सुरभी हल्ली कमी खेळते. मी कित्येक दिवस बंदच असतो. मोबाइलही जुना झालाय, एक दिवस ती नवा घेईल आणि मी तिच्यासोबत जाईन की इथंच विझेन, कोणास ठाऊक. त्याची खंत नाही. बीळ म्हणून जन्मलो, आणि एका बाईला तिच्या मनातलं दाखवून झालं. घराला आणखी काय पाहिजे.

तुम्हाला एवढंच म्हणतो. घर बांधाल तेव्हा त्यात सगळ्यांत जास्त वेळ जो उभा राहणार आहे, त्याला आधी त्या जागी नेऊन बसवा. काय दिसतं ते विचारा. त्याला लगेच सांगता येणार नाही. थांबा थोडं.

सध्या मी ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकून आहे. सुरभी गाणी लावते, इंदुताई चहा टाकतात. फाटक वाजलं आत्ता. "या बाप्पा," असा आवाज गेला बघा. तुम्हीच आला असाल तर उठा, आत जा. माझ्याकडं नुसत्या गप्पा. चहा त्या घरात मिळतो.