मुख्य परीक्षकांचा मुलगा

गाडी चालवण्याच्या परीक्षेत मुख्य परीक्षक मॅडमनी आजवर अर्धं शहर नापास केलं होतं आणि उरलेलं अर्धं नाइलाजाने पास. माणसं त्यांच्या लक्षात राहत ती चुकांवरून. समोरचा दुकानदार म्हणजे 'आरसा न बघणारा', वरच्या मजल्यावरची बाई म्हणजे 'क्लचवर पाय टाकून बसणारी'. पोटच्या पोराच्या, लंबूच्या, खात्यावर मात्र मांडायला चूकच सापडत नव्हती, आणि दुखणं तेच होतं. लंबूला दूरच्या गावी व्हॅन चालवायची नोकरी लागली होती. लायसन्स मिळालं की तो जाणार आणि घरात मॅडमना बोलायला भिंती उरणार. म्हणून त्यांनी हाताखालच्या परीक्षकाला, ज्याला सगळे फूटपट्टी म्हणत, बाजूला घेऊन सांगितलं होतं, "माझा मुलगा आहे म्हणून भीड धरू नकोस. काहीतरी शोध आणि नापास कर." मागच्या खेपेला फूटपट्टीने काहीतरी शोधून नापास केलं होतं. आज लंबूची पुन्हा परीक्षा होती.

आणि नेमकी आजच मॅडमना जाग आली ती पलंगाबाहेर लोंबणाऱ्या पायांमुळे. पाय लंबूचे होते. हात, दाढीचे खुंट, सगळंच लंबूचं. धडपडत स्वयंपाकघरात गेल्या, तर त्यांचं स्वतःचं शरीर ओट्याला टेकून बिस्किटं खात होतं.

"आई?" शरीर म्हणालं. "तू आहेस ना आत?"

"आधी ते बिस्कीट ठेव. मला गोड बंद आहे."

"तुला बंद आहे. मला कुठे?"

"पोट माझं आहे, मेल्या!"

आरडाओरडा झाला, एकमेकांना चिमटे काढून झाले, पण कोणी आपापल्या शरीरात परतलं नाही. लंबू रडवेला झाला. "आज गैरहजर राहिलो तर अर्जच रद्द होतो गं. तू चालव ना. तुझ्याहून नीट कोण चालवणार? फक्त पास होऊन ये."

"आणि तू?"

"मी तुझ्या खुर्चीत बसतो. कपाळाला आठ्या घालून गप्प बसलो की कोणाला शंका येणार नाही."

मॅडमनी मनात हिशेब केला. नापास होणं आता आपल्याच हातात आलं. चौकात एकदा गाडी बंद पाडली की काम झालं.

पण गाडीत बसल्यावर ते जमेना. लंबूचे गुडघे स्टिअरिंगला घासत होते, पट्टा छातीत रुतत होता, काचा बंद होत्या. बाहेरून कोणी उमेदवाराला सूचना देऊ नये म्हणून काचा बंद ठेवायचा नियम मॅडमनीच केला होता. शेजारी फूटपट्टी बसला होता, आणि परीक्षेत हसायचं नाही हे त्याला त्यांनीच शिकवलं होतं. पुढच्या वळणावर चुकायचंच असं ठरवून त्या वळणाशी येत आणि वळण लोण्यासारखं निघून जाई. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका टिपलेल्या बाईला स्वतः चूक करता येईना.

"पुढच्या चौकात डावीकडे," त्या सवयीने म्हणाल्या.

"ते मी सांगायचं असतं," फूटपट्टी म्हणाला.

"मग वेळेवर सांगत जा!"

फूटपट्टीला घाम फुटला होता. शोधून शोधून त्याच्या हाती काहीच लागलं नव्हतं. शेवटी गाडी उभी राहिली तेव्हा तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नापास."

मॅडमना हवं होतं तेच झालं होतं. तरी त्यांच्या, म्हणजे लंबूच्या, कानांच्या पाळ्या तापल्या.

"कशाबद्दल?"

"आत्मविश्वास जास्त आहे."

"ही काय चूक झाली? दाखवा मला कुठे लिहिलंय!"

"मुख्य परीक्षकांना विचारा."

"विचारतेच! म्हणजे, विचारतोच. चला."

केबिनमध्ये लंबू आईच्या खुर्चीत आठ्या घालून बसला होता. सकाळपासून तो कोणावर ओरडला नव्हता, त्यामुळे सगळं ऑफिस नेहमीपेक्षा जास्त घाबरलं होतं. फूटपट्टी आत आला, पाठोपाठ मॅडमही घुसल्या, आणि त्याने दार लावून घेतलं.

"मॅडम, आता याच्यासमोरच बोलतो. तुम्ही सांगितलंत तसं केलं. नापास केलं. पण यापुढे हे काम मला सांगू नका. आजचं जाऊ द्या, मागच्या खेपेलासुद्धा पोरगा सरळ सरळ पास होता."

लंबूच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

"मी सांगितलं? नापास करायला?"

"तुम्हीच तर! इथेच, याच केबिनमध्ये."

मॅडमना आता कुठे बघावं कळेना. दार बंद होतं, समोर त्यांचेच डोळे होते आणि ते डोळे, त्या स्वतः उमेदवारांकडे बघत तसे, त्यांच्याकडे बघत होते.

"लंबू, ऐक रे," त्या म्हणाल्या.

पोरगा आईला लंबू म्हणतोय हे ऐकून फूटपट्टी एक पाऊल दाराकडे सरकला.

"आजचा निकाल रद्द," लंबू आईच्या आवाजात सावकाश म्हणाला. "आजचं चालवणं त्याचं नव्हतं. मागच्या वेळचा खरा निकाल लिहा."

"पण स्वतःच्या मुलाला तुम्ही कसं पास…"

"मी नाही. तेव्हा शेजारी तुम्ही बसला होतात, तुम्हीच लिहा. मी फक्त माझा हुकूम मागे घेते."

फूटपट्टीने इतक्या भराभर लिहिलं की वाटावं, पेन कोणी हिसकावून घेईल.

उरला होता फोटो. मॅडमना स्टुलावर बसवलं, मागे पांढरा पडदा. दारात लंबू आणि फूटपट्टी उभे होते. फोटोशिवाय लायसन्स निघत नाही हे मॅडमहून जास्त कोणाला ठाऊक असणार? मागच्या बाजूला दुसरं दार होतं, पाय लांब होते. उठून चालू पडलं तर कोणी अडवणार नव्हतं.

"पास झालात की हो, हसा जरा!" कॅमेरावाली म्हणाली.

मॅडमनी स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि त्या हसल्या.

फ्लॅश पडला, आणि डोळ्यांपुढची अंधारी गेली तेव्हा मॅडम दारात उभ्या होत्या, आपल्याच चपलांत. स्टुलावर लंबू स्वतःचे गुडघे चाचपत होता. मग उठून त्याने कॅमेऱ्यावरचा फोटो पाहिला. तोंड हसत होतं, डोळे काठोकाठ भरले होते.

"दुसरा काढू?" कॅमेरावालीने विचारलं. "हा रडका आलाय."

"राहू दे." तो आईजवळ आला, पण तिच्याकडे न बघता म्हणाला, "मागच्या वेळचं घरी गेल्यावर बोलायचंय मला."

"बोल ना."

"आजच. उद्या निघायचंय."

मॅडमनी मान हलवली. निकाल ऐकून उमेदवार हलवतात, तशी.