पाप ओढणारी काळी बुकणी

तीर्थपुरीच्या आठवडी बाजारात वांगी-मिरच्या बेवारस पडल्या होत्या. सगळा बाजार धर्मराज महाराजांच्या मांडवाखाली लोटला होता.

महाराजांनी तांब्यात गुलाल कालवला. "हे तुमचं पाप!" मग काळी बुकणी टाकून खूप ढवळलं, धोतराची चौघडी करून गाळलं आणि पेल्यात चक्क नितळ पाणी उतरलं! "बुकणीनं पाप ओढून घेतलं! हिमालयातल्या धुनीची राख हाय. मधात चाटवा. ताप, दमा, कावीळ, बिलकुल साफ!"

धुनी हिमालयातली, बोली मात्र इथल्याच घनसावंगीची, असं तातेरावाच्या मनात आलं. जालन्याजवळ दवाखान्यांचा कचरा जाळायच्या भट्टीवर तो कामाला होता. सुट्टीला घरी आलेला, बायकोला शोधत इथवर पोचलेला. एवढ्यात महाराजांमागचं पोतं त्याला दिसलं. तोंडाला दुहेरी सुतळीची तिरपी शिवण. ती त्याच्याच हातची होती!

आणि समोर त्याची बायको मालनबाई तापलेल्या लेकीला कडेवर घेऊन मधात बुकणी कालवत होती. तातेराव गर्दीतून पुढं घुसला.

"मालन, थांब! आमच्या भट्टीतलं इख हाय ते!"

"लई शहाणा आला!" लोक खवळले.

"ऐका तर! प्लास्टिक जळलं की धुरात डायॉक्सिन नावाचं इख तयार होतं. म्हणून आम्ही धुरात हा खास कोळसा फुकतो. त्याला बारीक बारीक छिद्रं असतात, इख त्यात चिकटून बसतं. मंग कोळसा धुराच्या वाटेवरल्या कापडी पिशव्यांत अडकतो. गुलालाचा रंगबी तसाच चिकटला, मंतर-बिंतर काय न्हाई! त्या वापरलेल्या कोळशाची पोती पक्क्या खड्ड्यात पुरायची असतात. काय रे कडूबा?"

पोती वाहणारा ट्रॅक्टरवाला कडूबा खांबाआड सरकत होता. तो रडवेला झाला. "महाराजांनी मागितली, म्या देऊन टाकली. मला वाटलं, नुसता कोळसा हाय."

"नास्तिक हाय ह्यो!" महाराज गरजले.

मालनबाईनं मधाचं बोट पदराला पुसलं. "महाराज, पाप ह्या बुकणीत गेलं म्हणता. मंग पापानं भरलेली बुकणी माझ्या लेकीला कामून चाटवता?"

महाराज पोतं मागं सारू लागले. मांडवात हसू फुटलं, आणि लोकांच्या हातातल्या बुकणीच्या पुड्या जमिनीवर पडू लागल्या. तातेरावानं त्या फडक्यात गोळा करायला घेतल्या, कारण मातीत मिसळलं तरी विष ते विषच. मालनबाई लेकीला घेऊन तडक डॉक्टरकडे निघाली.

कुणी काही नाहीसं करून दाखवलं, तर टाळ्या वाजवायच्या आधी एवढंच विचारावं: ते गेलं कुठं?