दांड्यावरचा हात

एडनडेलच्या स्टुडिओत कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचा, आणि लायलसारखा हात साऱ्या लॉस एंजेलिसात नाही, असं गसच सगळ्यांना सांगायचा. गस विनोदी नट, तो पडायचा, लायल कॅमेऱ्यात टिपायचा. नऊ वर्षं दोघांचा हाच संसार. दांडा हळू फिरवला की पडद्यावर माणूस दुप्पट वेगाने तडफडतो आणि लोक पोट धरून हसतात. एवढीच काय ती त्यांची विद्या.

मार्चमध्ये गस शिडीवरून पडला तो मात्र खरंच पडला. मांडीचं हाड मोडलं. धुळीत पाय झाडत तो ओरडत होता, पण मुक्या चित्रपटात ओरडणं ऐकू कुणाला येणार?

"लायल बिचारा हबकून गेला. हात आपोआप फिरत राहिला त्याचा," इस्पितळात गस येईल त्याला सांगायचा. लायल खाली मान घालून त्याच्यासाठी संत्री सोलत बसायचा.

आज ग्लेंडेलच्या थिएटरात चित्रपट लोकांना दाखवून बघायचा होता. हशा आला तर तो तुकडा राहणार, नाहीतर कात्री. नको येऊ दे हशा, असं लायल सकाळपासून मनात घोकत होता. कुबड्या सांभाळत गस त्याच्या शेजारी येऊन बसला.

पडद्यावर शिडी हलली. गस नेहमीच्या चालीने खाली आला, आणि जमिनीला टेकताच त्याचे पाय उताण्या झुरळासारखे वळवळू लागले. थिएटर खदखदून हसलं. गसही हसला, आणि मधेच लायलकडे वळला.

"शिडीपर्यंत हात बरोबर होता तुझा."

"हो."

"मी पडल्यावर हळू केलास."

लायलचे कान शरमेने तापले. कसला हबकतोय? जिवाभावाचा दोस्त समोर कळवळत होता आणि या हलकटाला त्यात हशा दिसला होता.

"तुझं नाव घेऊन ओरडत होतो रे मी."

"ऐकू आलं होतं मला," लायल म्हणाला. निदान एवढं तरी तो खोटं बोलला नाही.

गसने कुबड्या ओढल्या. लायलने पुढे केलेला हात न धरता तो उठायला गेला, तोल जाऊन धपकन पुन्हा खुर्चीत आदळला.

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.